‘मग यादी द्या ना’: ठाण्यातल्या एका शनिवारच्या टेबलाचं प्रकरण

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी पाचला दोन टेबलं लागतात. खिडकीकडच्या टेबलावर ज्येष्ठांची मेंढीकोट, पंख्याखालच्या टेबलावर आमचा ‘मॅजिक द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ. गेल्या पावसाळ्यात या पंख्याखालच्या टेबलावर जे झालं ते मी इथे सविस्तर मांडते आहे. चार वर्षं एकत्र खेळणारी माणसं तीन शनिवारांत एकमेकांकडे बघेनाशी झाली. निमित्त झाला एकोणीस वर्षांचा एक मुलगा, आणि दोष त्याचाच आहे असं मी महिनाभर धरून चालले होते. माझ्याकडे डावांची वही आहे: कोण जिंकलं, कितव्या टर्नला, किती वाजता. ती पुन्हा वाचल्यावर माझं मत बदललं. नावं मुद्दाम घालत नाही, कारण सगळी माणसं इथलीच आहेत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा भेटायची आहेत.

हा खेळ मला माझ्या मुलाने शिकवला, लॉकडाऊनमध्ये. तो शिकायला पुण्याला गेला, त्याचे डेक, म्हणजे बांधलेल्या गड्ड्या, घरी राहिले आणि मी खेळत राहिले. टेबलावर माझ्याशिवाय तिघं नेहमीचे. बँकेत नोकरी करणारे एक काका, त्यांचा डायनासोरचा डेक. कोपरीहून येणारी एक फिजिओथेरपिस्ट ताई, तिचा मांजरांचा डेक, २०१७ साली खेळाच्या कंपनीने तयार विकलेला, तिने जवळजवळ तसाच ठेवलेला. आणि वागळे इस्टेटमधला एक आयटीवाला, ज्याने एकदा फक्त ‘चित्रात कोणीतरी बसलेलं आहे’ अशाच कार्डांचा डेक बांधला होता.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. मेंढीकोटला सगळे एकाच गड्डीतली पानं वाटून घेतात. इथे प्रत्येकाने स्वतःची गड्डी घरी बांधून आणायची, त्यामुळे अर्धा सामना टेबलावर बसायच्या आधीच झालेला असतो. सुरुवातीला एकच कार्ड हवं तितक्या वेळा घालता येत असे. लोकांनी त्याचं काय केलं असेल ते कळतंच. १९९४ मध्ये एका कार्डाच्या चारच प्रती असं बंधन आलं. १९९६ पासून बक्षिसाच्या रकमेची प्रो टूर सुरू झाली आणि काट्याचा खेळ हा एक वेगळाच उद्योग होऊन बसला.

आम्ही खेळतो तो प्रकार म्हणजे कमांडर. शंभर पानांचा डेक, जमिनीची साधी कार्डं सोडली तर प्रत्येक पान एकदाच, चौघं एका टेबलावर, प्रत्येकाचे चाळीस प्राण. या प्रकाराचा जन्म अलास्कातल्या मित्रांच्या टोळक्यात झाला, आणि शेल्डन मेनेरी यांनी तो स्पर्धांच्या पंचांमध्ये नेला. दिवसभर मोठ्या स्पर्धेत नियमांचा कीस पाडायचा आणि रात्री मोकळेपणाने हा खेळायचा, असं ते पंच करत. कंपनीने तयार कमांडर डेक विकायला काढले ते २०११ मध्ये. मला हा इतिहास फार आवडतो. हा घरगुती, ऐसपैस खेळ ज्यांनी वाढवला ते नियमांचे सगळ्यात पक्के लोक होते. दोन्ही भुका एकाच माणसाला लागतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. हे मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला शनिवार

तो एकोणीस वर्षांचा मुलगा कळव्याहून आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पावसात भिजलेला, डेकचा डबा मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला. त्याने विचारलं, “काकू, इथे कमांडर खेळता ना?” मी म्हटलं, हो. “प्रॉक्सी चालतील?” प्रॉक्सी म्हणजे महागड्या कार्डाची छापून आणलेली नक्कल. मी म्हटलं, चालतील. आमची विचारपूस एवढीच झाली.

पहिला डाव चौथ्या टर्नला संपला. काकांच्या हातात त्यांचा लाडका गिशाथ होता, मोठा डायनासोर, उतरवायला आठ माना लागतात. माना म्हणजे कार्डं खेळायचं इंधन, ते मुख्यतः जमिनीच्या कार्डांतून मिळतं. त्यांच्यासमोर चार जमिनी होत्या. मुलाने दोन निळे माना भरून ‘थासाज ओरॅकल’ नावाचं कार्ड ठेवलं. त्याचा परिणाम लागू व्हायच्या आधीच एक काळा माना देऊन ‘डीमॉनिक कन्सल्टेशन’ टाकलं. या दुसऱ्या कार्डात एका कार्डाचं नाव घ्यायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत आपल्या गड्डीतली पानं खेळाबाहेर टाकत जायचं असतं. त्याने असं नाव घेतलं जे त्याच्या डेकमध्ये नव्हतंच. मग त्याने आपली उरलेली गड्डी, ऐंशीच्या वर पानं, दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलाच्या कडेला नीट ठेवली. गड्डी रिकामी झाली की ओरॅकल जिंकवून देते. सगळे मिळून तीन माना.

आयटीवाला म्हणाला, “थांब, मी ती ओरॅकल मारतो.” मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, “दादा, मारली तरी होतं. गड्डीत शून्य पानं आहेत, शून्याला शून्य पुरतं.” त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, एखाद्याला गणित समजावून सांगावं तसा सूर होता.

दुसरा डाव पाचव्या टर्नला, तिसरा पुन्हा चौथ्या. साडेसहाला तिन्ही आटोपले. काका म्हणाले, “अरे, हे काय खेळणं झालं? मी आठ माना जमवायच्या आत घरी जायचं?” तो म्हणाला, “काका, नियमात आहे.” ते खरंच नियमात होतं. ताई काही न बोलता डेक डब्यात भरत होती.

दुसरा शनिवार

मधल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. “आमच्याकडे जरा हलकं खेळतात रे,” एवढंच म्हणाले. तो लगेच म्हणाला, “हो काकू, कॉम्बो काढून टाकतो.” त्याने शब्द पाळला. कॉम्बो, म्हणजे डाव तिथेच संपवणारी ती कार्डांची जोडी, काढला आणि त्या जागी ‘विंटर ऑर्ब’ घातलं.

हे कार्ड टेबलावर असलं की कोणालाही दर टर्नला एकच जमीन पुन्हा वापरासाठी उभी करता येते. सहा जमिनी असून उपयोग नाही, एक उभी, बाकीच्या आडव्या पडलेल्या. त्याच्याकडे सोल रिंगसारखे माना देणारे इतर दागिने होते, त्यामुळे त्याचं थोडंफार चालत होतं. आमचं चालत नव्हतं. “एक जमीन उभी, एक पान घेतलं, पास.” “एक जमीन उभी, पास.” वडापाव थंड झाले. खिडकीकडे मेंढीकोटचे डावांवर डाव झाले, कोणावर तरी कोट चढला, तिकडे हसण्याचा गलका, आणि आमच्याकडे सव्वादोन तास एकच डाव. आठला वॉचमन कुलूप घ्यायला आला तेव्हा कोणीच जिंकलेलं नव्हतं.

हा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलाने खोडी काढली असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याला एक बंधन सांगितलं गेलं, त्याने ते पाळलं, आणि त्या बंधनाच्या आत सगळ्यात मजबूत काय ते शोधलं. काट्याचा खेळाडू हेच करतो, तीच त्याची शिस्त असते. ‘हलकं’ हा शब्द त्याने ‘कॉम्बो नाही’ असा ऐकला. आम्हाला त्यातून काय म्हणायचं होतं ते आम्हालाही सांगता आलं नसतं, आणि हे पुढच्याच शनिवारी उघड झालं.

तिसरा शनिवार

ताई आली नाही. काका आले, पण डेक पिशवीतून बाहेर काढला नाही. बोलाचाली सुरू झाली. काका म्हणाले, इथे मजेसाठी बसतो आपण, स्पर्धा खेळायची तर दुसरीकडे जा. मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “काका, मला इथेच खेळायचंय. तुम्हाला कोणती कार्डं चालत नाहीत त्याची यादी द्या ना. मी एकही घालणार नाही.”

रास्त मागणी होती. मी सोसायटीच्या मीटिंगच्या जुन्या नोटिशीचा मागचा कोरा भाग घेतला आणि लिहायला बसले.

काकांनी पहिलं सांगितलं: काउंटर नकोत. आठ माना जमवून मी काही टाकायचं आणि समोरच्याने दोन मानांत ‘नाही’ म्हणायचं, हे सहन होत नाही. आयटीवाला चमकला, कारण त्याच्या प्रत्येक डेकमध्ये काउंटर असतात आणि काका त्याला कधीच काही बोलले नव्हते. त्याने स्वतः लिहायला लावलं: टेबलावरची सगळी जनावरं एका फटक्यात मारणारी कार्डं नकोत. आता काका चमकले, त्यांच्या डेकमध्ये तशी तीन आहेत. मी लिहिलं: एकाच माणसाचा दहा मिनिटं चालणारा टर्न नको. मग प्रामाणिकपणे अजून एक लिहिलं, जे कार्ड नाहीच: माझ्यासमोर काही नसताना पहिला हल्ला माझ्यावर करू नये.

मुलाने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. “काकू, यातलं सगळं पाळायचं ठरवलं तर तुमच्या डेकमधली सहा कार्डं जातात,” तो म्हणाला. मी मोजून पाहिली. सहाच होती.

चार वर्षं आम्ही स्वतःला कॅज्युअल म्हणवून घेत होतो, आणि कॅज्युअल म्हणजे काय यावर आमच्यात एका ओळीचंही एकमत नव्हतं. आम्ही एकमेकांच्या डेकला सरावलो होतो, इतकंच. काका पाचव्या टर्नच्या आधी कोणावर हल्ला करत नाहीत हे मला माहीत होतं. आयटीवाला काकांच्या डायनासोरवर काउंटर टाकत नाही, दुसऱ्या कशावर तरी टाकतो, हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण वही चाळली तर दिसतं. असे वीसेक अलिखित नियम होते. ते मोडले की राग येत होता, आणि कळव्याहून आलेल्या मुलाला ते कळायचा कोणताही मार्ग नव्हता.

आपल्याकडे खरं तर हे शहाणपण आहे. लग्नघरी दोन्हीकडची मंडळी रमीला बसली की पानं वाटायच्या आधी कोणीतरी विचारतंच, तुमच्याकडे जोकर कसा धरता? मेंढीकोटला विचारतात, हुकूम बंद ठेवायचा की कापून ठरवायचा? गल्लीतल्या क्रिकेटमध्ये नवा पोरगा बॅट घेऊन उभा राहिला की दहा जण ओरडून सांगतात, तळमजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट, एक टप्पा कॅच आउट. लहान भाऊ सोबत असेल तर तो लिंबूटिंबू, हेही मोठ्याने जाहीर होतं. मुलाला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही. स्पर्धेचे नियम रुक्ष वाटतात, पण ते छापलेले असतात, परका माणूस ते वाचून बसू शकतो. आमचं मोकळंढाकळं टेबल परक्यासाठी जास्त अवघड होतं. हे कबूल करायला मला वेळ लागला.

मुलाचं म्हणणं

पुढच्या आठवड्यात मी त्याला चहाला गोखले रोडला बोलावलं आणि सरळ विचारलं, पहिल्या डावानंतर आमचे चेहरे तुला दिसले नाहीत का? दुसरा डाव तसाच का खेळलास?

तो म्हणाला, “दिसले काकू. पण मला वाटलं, दुसऱ्या डावात तुम्ही अडवाल. कॉलेजात आमच्यात कोणी असं हरला की पुढच्या वेळी उत्तर घेऊन येतो. मग मी त्याचं उत्तर शोधतो. असंच चालतं.”

त्याच्या लेखी हरणं म्हणजे आमंत्रण होतं. कॉलेजात चौघं मित्र, सगळे झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून प्रॉक्सी बनवतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, सगळ्यांना सगळी कार्डं उपलब्ध. उरतं ते फक्त डोकं. त्यात एक स्वच्छपणा आहे, आणि तो मला खरोखर आवडला.

काकांचं तसं नाही. त्यांचे डायनासोर एकेक करून जमवलेले आहेत, प्रत्येक कार्ड कुठून आलं ते त्यांना आठवतं. गोळा करायची कार्डं म्हणतात ती यासाठीच. शनिवारी त्यांना जिंकण्यापेक्षा गिशाथ टेबलावर उतरलेला बघायचा असतो. चौथ्या टर्नला डाव संपला की ते कार्ड हातातच राहतं. पराभव झाला असं त्यांना वाटत नाही, खेळायलाच मिळालं नाही असं वाटतं.

मॅजिकचे डिझायनर मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंचे तीन काल्पनिक नमुने मांडले होते. टिमीला काहीतरी भव्य घडलेलं बघायचं असतं, जॉनीला आपली कल्पकता दाखवायची असते, स्पाइकला आपण किती चांगलं खेळतो हे सिद्ध करायचं असतं. आमचे काका टिमी, आयटीवाला जॉनी, मुलगा स्पाइक, इतकं सरळ बसतं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झाले. कंपनी तिघांसाठी कार्डं बनवते आणि एकाच पाकिटात घालते. पाकीट फोडणाऱ्याला मात्र आपल्यापुरतंच दिसतं.

काय करून पाहिलं

आधी आम्ही डेकला दहापैकी गुण द्यायचं ठरवलं. चौघांनीही ‘सात’ सांगितलं. तो प्रयोग तिथेच संपला.

मग मुलानेच कंपनीचा तक्ता आणला. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी कमांडरसाठी पाच पायऱ्या जाहीर केल्या आहेत, पहिली निव्वळ हौसेची, पाचवी पूर्ण काट्याची. काही जोरकस कार्डांची वेगळी यादी आहे, खालच्या दोन पायऱ्यांवर त्यातलं एकही चालत नाही, तिसरीवर तीनपर्यंत चालतात. थासाज ओरॅकल त्या यादीत आहे. विंटर ऑर्बसारखं सगळ्यांच्या जमिनी अडवणारं कार्डही खालच्या तीन पायऱ्यांवर अपेक्षित नाही. म्हणजे हा तक्ता आम्ही आधी वाचला असता तर पहिले दोन शनिवार वाचले असते. तिसरा वाचला नसता. काकांचा काउंटरवरचा राग कोणत्याच तक्त्यात नाही, आणि माझी ‘माझ्यावर पहिला हल्ला नको’ ही तक्रार तर नाहीच नाही.

शेवटी टिकले ते दोन प्रश्न. पानं पिसायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यायचं. एक: कोणी अडवलं नाही तर तुझा डेक कितव्या टर्नला डाव संपवतो? दोन: काय झालं तर तुला आज उठून जावंसं वाटेल?

पहिल्या प्रश्नाला काका म्हणाले, दहाव्या. मुलगा म्हणाला, चौथ्या. आयटीवाला म्हणाला, माझा संपवतच नाही. गुण मागितल्यावर सगळे सात होते, टर्न विचारल्यावर खरं बाहेर आलं, कारण टर्न मोजता येतो आणि खोटा ठरवता येतो. दुसरा प्रश्न अवघड जातो. काही जण उत्तर द्यायला लाजतात. पण एकदा काकांनी ‘काउंटर’ असं म्हटलं की त्यांच्यावर काउंटर टाकायचा की नाही हे समोरचा डोळे उघडे ठेवून ठरवतो. बंदी नाही. आयटीवाला अजूनही कधीकधी टाकतो.

मधे गणपती आले. हॉलमध्ये मखराचं सामान, मग आरत्या, जेवणं. अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा टेबल लागलं. महिन्यातला शेवटचा शनिवार काट्याचा ठेवला आहे: प्रॉक्सी, कॉम्बो, सगळं चालतं. त्या दिवशी काका मेंढीकोटच्या टेबलावर जातात, खुशीने. मी मुलाचा दुसरा डेक घेऊन बसते. समोरच्याने तीन माना न वापरता राखून ठेवले की आता माझा श्वास अडकतो. असा ताण मला आवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

बाकीच्या शनिवारी मुलगा दुकानातला तयार डेक आणतो, एकही कार्ड न बदलता, आणि तो पूर्ण जोर लावून खेळतो. याचा मला सगळ्यात आनंद आहे. हलकं खेळ म्हणजे मुद्दाम वाईट खेळ असं आम्ही त्याला सुचवत होतो, आणि ते त्याला जमणारं नव्हतं. साधी हत्यारं घेऊन जीव तोडून खेळणं त्याला जमतं. पहिल्याच अशा डावात गिशाथ उतरला, दोनदा फिरला, आणि तरी अकराव्या टर्नला मुलगा जिंकला. काका उभे राहून आपला शेवटचा टर्न पुन्हा मांडत होते. “इथे मी त्याला अडवायला हवं होतं, माझ्याकडे होतं की रे अडवायला.” मुलगा म्हणाला, “हो काका, मी तेच बघत होतो, तुम्ही हल्ल्याला गेलात म्हणून वाचलो.” पावणेआठपर्यंत दोघं त्यावरच बोलत होते.

ताई अजून आलेली नाही. तिला आम्ही दुसऱ्या शनिवारी गमावलं, साडेसातच्या सुमारास. सहा टर्न तिने नुसतं ‘पास’ म्हटलं होतं. एकदा तिने वर बघून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हा डाव आता थांबवूया असं कोणीतरी म्हणेल म्हणून. मी वहीत वेळ लिहीत होते. ते मी म्हणायला हवं होतं, वयाने मी मोठी, टेबल माझं.

गेल्या आठवड्यात तिला फोन करून दुसरा प्रश्न विचारला. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “माझा टर्न येऊनही मला काहीच करता येत नसेल ना, तेव्हा.” मी ते बाकीच्यांच्या उत्तरांखाली तिच्या नावासमोर लिहिलं. शनिवारी येशील का, विचारलं. “दिवाळीनंतर बघू,” म्हणाली, “आणि मांजरं तुमच्याकडेच राहिलीत का? एका पानाची प्लास्टिकची स्लीव्ह फाटली होती, तेवढी बदलून ठेवाल?”